पोत्याचं तोंड

येताना त्याने आमच्या बुंदी कुत्रीची ताटली घासून आणली होती. बाकीचं मी एव्हाना विसरलेही असते कदाचित, पण ती चकचकीत ताटली काही डोळ्यासमोरून जात नाहीये. रविवारची सकाळ, साडेदहा वाजले असतील, मी कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरच्या मागच्या बाजूला मावशींबरोबर चुलीपाशी होते, भातात चिकनचे पाय आणि लाल भोपळा पडला होता, मावशी वरनं हळद टाकत होत्या आणि तेवढ्यात गेटपाशी अ‍ॅक्टिव्हा थांबली. बुंदी पुढे पाय ठेवायच्या जागेत उभी, हनुवटी हँडलवर, कान वाऱ्याने मागे गेलेले, बापाबरोबर चक्कर मारायला निघालेलं पोर जसं पुढे उभं राहतं अगदी तशी. मला वाटलं भेटवायला आणलीय. आणतात लोक अधूनमधून, दत्तक गेलेलं कुत्रं अंगाने भरलं, केस चमकायला लागले की दाखवायला घेऊन येतात आणि आम्ही सगळे हातातलं टाकून पळत जातो. तशीच मी हात पुसत पळत गेले. मग त्याने हँडलला अडकवलेली पिशवी काढली आणि एकेक वस्तू बाकड्यावर मांडायला लागला. ताटली, घडी घातलेली गोधडी, रबर लावलेली अर्धी खाण्याची पिशवी, प्लास्टिकच्या कव्हरात लसीचं कार्ड.

बायकोला सातवा महिना, सासूबाई येऊन राहिल्यात, त्यांना दमा, घर भाड्याचं आणि मालकाने दोनदा बोलून दाखवलेलं. तो हे सगळं शेल्टर चालवणाऱ्या ताईंना सांगत होता पण बघत होता जमिनीकडे. ताई काही बोलल्या नाहीत, रजिस्टर उघडलं, तारीख टाकली, सही घेतली. बुंदीला यातलं कशाचंच काही नव्हतं. पाच महिन्यांनी माहेरी आल्यासारखी ती सगळीकडे फिरली, मावशींच्या पदरात तोंड घातलं, आपल्या जुन्या खोलीत जाऊन वास घेतला, तीन पायांच्या म्हाताऱ्या बंड्याला भेटली, पाणी प्यायली. आणि बाहेर गाडी स्टार्ट झाली तशी सगळं टाकून पळत आली आणि टुणकन पुढच्या जागेत चढून उभी राहिली. भेटून झालं, चला आता घरी. त्याने तिला उतरवली. ती परत चढली. त्याने परत उतरवली आणि मग माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी पुढे होऊन तिला दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तो गेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिने आवाजसुद्धा काढला नाही, फक्त तिचं काळीज माझ्या मनगटाखाली धाडधाड उडत होतं.

असं उडणारं काळीज मी आधी एकदा धरलंय.

दहा वर्षांची असेन. आम्ही तेव्हा सांगलीच्या गावभागात राहायचो, अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. घरात मनी होती, म्हणजे आणून पाळलेली अशी नाही, आली आणि राहिली. पांढरी, शेपटीच्या टोकाला तेवढा काळा गोंडा. ती वर्षातनं दोन-तीनदा माळ्यावर व्यायची, आणि एका खेपेला तिने माळा सोडून आजीच्या सोवळ्याच्या पेटीत पिल्लं घातली तेव्हा घरात असं काही भांडण पेटलं की पिल्लं मोठी झाल्यावर मनीला सोडून यायचं ठरलं. मांजराला नदी ओलांडून सोडलं की ते परत येत नाही, पाण्यापलीकडे वास तुटतो, असं आजी म्हणायची. रविवारी अण्णांनी दुकानातनं रिकामं गोणपाट आणलं, लुना काढली, मला मागे बसवलं आणि मनीला पोत्यात घालून ते पोतं माझ्या मांडीवर दिलं. "तोंड घट्ट धर, सोडू नको." आयर्विन पुलावर वारा नुसता भणाणत होता, खाली कृष्णा, आणि मांडीवरचं ते पोतं कधी एकदम गप्प व्हायचं आणि कधी अंगात आल्यासारखं उसळायचं, तागाच्या विणीतनं नख्या बाहेर यायच्या आणि माझ्या फ्रॉकमध्ये अडकायच्या. प्रत्येक उसळीला हळदीची भुकटी उडायची. मी शिंकत होते, रडत पण होते, पण तोंड सोडलं नाही. सांगलीवाडीच्या पुढे उसाच्या कडेला अण्णांनी गाडी थांबवली आणि पोतं उलटं केलं. मनी पळाली नाही. बाहेर आली, बसली आणि अंग चाटायला लागली, सगळी पिवळीधमक झालेली. येताना अण्णांनी मला शाबास म्हटलं आणि उसाचा रस पाजला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती परसातल्या भिंतीवर बसलेली होती, कानांच्या मागे अजून पिवळी. म्हणजे पुलावरनंच आली असणार, दुसरी वाटच नव्हती तिला, रात्रीची, ट्रक जात असताना, कठड्याच्या कडेकडेने. आजीसुद्धा गप्प झाली त्या दिवशी. पण पंधरा दिवसांनी मी शाळेतनं आले तेव्हा ती नव्हती. अण्णांनी या वेळी मला नेलं नव्हतं.

आपल्याकडे 'सोडणं' हा एकच शब्द किती वेगळ्या वेगळ्या गोष्टींना पुरतो याचा विचार मी शेल्टरवर यायला लागल्यापासून फार करते. मांजर सोडून आलो. दाव्याचं जनावर सोडलं. हट्ट सोडला. पोराला शाळेत सोडलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे, म्हणजे आम्ही लुनावरनं निघालो तेव्हाही तो होता, आणि उपासमार होईल अशा अवस्थेत जनावराला विनाकारण सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला, आणि तो राग नेमका कुणावर ते मला अजून कळलेलं नाही.

शेल्टरवर मी आले पुरामुळे. ऑगस्ट २०१९, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं होतं, धोक्याची खूण ४५ ची. त्या दिवसांचं इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आम्ही अण्णांना घेऊन विश्रामबागला नातेवाइकांकडे होतो. पाणी ओसरल्यावर घर बघायला गेले तेव्हा गल्लीत गुडघाभर चिखल, तो वास, आणि शेजारच्या बंद घराच्या खिडकीच्या गजाला एक चेन बांधलेली होती, चेनला पट्टा, पट्ट्याचं बक्कल लावलेलं. पट्ट्यात काही नव्हतं. कुणी येऊन काढून नेलं असेल, पट्टा ढिला असेल, निसटलं असेल, मी स्वतःला काय काय सांगितलं. पण आजूबाजूला गोठेवाल्यांनी पाणी चढायच्या आत विळ्याने दावी कापली होती, जा बाबांनो जिकडं जीव वाचेल तिकडं, आणि कित्येक म्हशी पोहून वर निघाल्या होत्या. त्याच वेळी कुणीतरी निघायच्या घाईत चेन सोडायची विसरलं होतं. त्या आठवड्यात काही पोरांनी वाचवलेली कुत्री-मांजरं एका हॉलमध्ये ठेवली होती, मी तिथे जुन्या चादरी द्यायला म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले. त्यातल्याच ताईंनी पुढे कुपवाडच्या बाजूला भाड्याच्या जागेत पत्रे टाकून हे शेल्टर केलं.

काम म्हणाल तर बहुतेक धुण्याचं आहे. साठ जिवांची जागा, आत कायम ऐंशीच्या वर. सकाळी फरशी धुवा, चादरी उकळा, ताटल्या घासा, आणि नवीन आलेल्याला दहा-पंधरा दिवस वेगळं ठेवा कारण ते पोटात काय घेऊन आलंय ते आधी कळत नाही. पार्वो म्हटलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो. लहान पिल्लांना होतो, उलट्या, रक्ताची हगवण, आणि तो वास एकदा नाकात बसला की दारातनंच कळतं. त्याचे जंतू मातीत महिनोन् महिने राहतात, म्हणून त्या खोलीची चप्पल वेगळी, बादली वेगळी, आणि ब्लीचिंगच्या पाण्याने हातांची सालं निघेपर्यंत धुवायचं. औषध असं नाहीच, सलाईन लावायचं, उलटी थांबवायची आणि ते पिल्लू स्वतः लढेपर्यंत त्याला तग धरायला लावायची. शिवाय किडे पडलेल्या जखमा, गाडीखाली आलेली कंबर, खरजेने केस गेलेलं कातडं. कंबर गेलेल्या एकाला आमच्यातल्या एका प्लंबर दादाने पीव्हीसी पाइपची गाडी करून दिलीय, मागचे पाय त्या पट्ट्यात अडकवले की ते जे सुटतं ते थेट गेटपर्यंत.

मागच्या वर्षी साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, गेटपाशी मोसंबीच्या खोक्यात चार पिल्लं मिळाली. त्या दिवसांत हे होतंच. ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, मोडून बीडकडे परत निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पोरं, शेळ्या सगळं बसतं पण सहा महिन्यांत कोपीपाशी जन्मलेली पिल्लं बसत नाहीत. ज्याने तो खोका आणून ठेवला त्याने निदान रस्त्यावर नाही ठेवला, आत पोत्याचा तुकडा अंथरला होता. डोळे उघडले नव्हते, म्हणजे दहा-बारा दिवसांचीसुद्धा नसतील. ताईंनी ती माझ्याकडे दिली, कारण इतक्या लहानांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. गाईचं दूध द्यायचं नाही, जुलाब होतात, पिल्लांची वेगळी पावडर मिळते ती कोमट पाण्यात कालवायची आणि पिल्लू पालथंच ठेवून पाजायचं, बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कापूस कोमट पाण्यात बुडवून हळूहळू बुडाशी फिरवायचा, कारण एवढ्या लहान पिल्लाला आपणहून शीसुद्धा करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात मी एकटी, मूठभर ऊब तळहातावर, आणि कापसावर ते चार थेंब आले की जे वाटायचं ते मला कुणाला सांगता आलं नाही. तेव्हा मला मनीची फार आठवण आली. माळ्यावर ती रात्रभर हेच करत असणार आणि आम्ही खाली तिच्या आवाजाने झोपमोड होते म्हणून वैतागत होतो.

चौघांतलं एक गेलं, पहिल्या लसीच्या आधीच, पार्वोनेच. ते मी इथे जास्त लिहीत नाही.

दोन नर लगेच दत्तक गेले. राहिली ती काळी मादी, काजळ. काळं नको, अशुभ, शनिवारी बघायला लागलं तर, आणि मादी तर नकोच, पिल्लं कोण सांभाळणार. आम्ही सांगतो, ऑपरेशन करूनच देतो, पिल्लं व्हायचा प्रश्नच नाही, तरी माणूस मान हलवतो आणि बदामी रंगाच्या पिल्लापाशी जाऊन बसतो. काजळ आता वर्षाची झाली. दर रविवारी कुटुंबं येतात तेव्हा ती सगळ्यांत पुढे येऊन जाळीला पाठ लावून बसते, खाजवून घ्यायला. नेणाऱ्यांनाही आम्ही सहज देत नाही, फॉर्म असतो, आधारची झेरॉक्स, घर भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र, घरातले सगळे एकदा तरी येऊन भेटलेले हवेत, नंतर ताई घर बघून येतात, फोटो मागवत राहतात. लोक चिडतात, रस्त्यावरचं कुत्रं फुकट नेतोय आणि एवढी चौकशी म्हणून. मीही सुरुवातीला म्हटलं होतं ताईंना, जरा जास्तच होतंय. फॉर्मच्या शेवटी त्यांनी हाताने एक ओळ लिहून मग झेरॉक्स काढलेल्या आहेत, 'सांभाळणे शक्य नसल्यास इथेच परत आणावे, सोडू नये.' ही ओळ त्या प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावतात.

आणि तरी आम्हीही सोडतो. हे पचायला मला सगळ्यात वेळ लागला. भटक्या कुत्र्यांची नसबंदी, रेबीजची लस, ओळखीसाठी कानाचा टवका, आणि जखम भरल्यावर जिथनं उचललं त्याच जागी परत, असं प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत आहे, त्याआधी २००१ च्या नियमांतही होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टाचा आधी सगळी उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा एक आदेश आणि अकरा दिवसांनी तो बदलणारा दुसरा आला तेव्हा ऑफिसात जो तो मला विचारत होता, सगळी शेल्टरला का टाकत नाही तुम्ही. त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या भाच्याला कुत्रं चावलंय, पाच इंजेक्शनं होईपर्यंत बहीण झोपली नव्हती, आणि रेबीज एकदा दिसायला लागला की माणूस हाती लागत नाही हे मलाही माहीत आहे. पण साठ जिवांच्या जागेत अख्खं शहर कसं मावणार, आणि एक गल्ली रिकामी केली की बाजूच्या गल्लीतली बिनलसीची तिथे येऊन भांडायला लागतात, हे आम्ही बघतो. तरीसुद्धा पहिल्यांदा गाडीबरोबर गेले तेव्हा मी आतनं तुटले होते. एक लालसर मादी होती, आठ दिवस माझ्या हातनं जेवलेली. पहाटे मिरज रोडच्या एका चौकात गाडीचं मागचं दार उघडलं. ती उतरली, जमीन हुंगली, खांब हुंगला, आणि एकदम अंग लांब करून जी सुटली ती थेट समोरच्या चहाच्या टपरीकडे. टपरीवाले काका स्टोव्हला पंप मारत होते, न बघताच म्हणाले, "आली व्हय गं? कुठं होतीस एवढी?" आणि डब्यातला टोस्ट काढून खाली टाकला. तिने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

बुंदीचं सगळं मी अण्णांना सांगितलं. ते आता ८१ चे आहेत, वॉकरवर चालतात, दुपारी खिडकीपाशी बसतात. सांगता सांगता मनीचं निघालं, मीच काढलं. "कुठली मनी?" म्हणाले. मी सांगितलं, पांढरी, काळा गोंडा, गोणपाट, लुना, उसाचा रस. त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं, मला वाटतं खरंच प्रयत्न केला. "लई मांजरं झाली आपल्याकडं," म्हणाले, "मी मासळी बाजारापाशी सोडायचो. तिथं उपाशी मरत न्हाईत. उसात कशाला सोडीन मी?" मी म्हटलं, उसातच अण्णा, मी होते. ते गप्प बसले. दुसऱ्या वेळेचं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, तेव्हा मासळी बाजारात सोडली का, ते तरी आठवतंय का, पण वॉकरवरचे त्यांचे हात बघून नाही विचारलं. चहा झाल्यावर तेच म्हणाले, "त्ये ताटलीवालं पोरगं परत आलं का गं?"

परत नाही आला, पण त्याचा ताईंना मेसेज येतो. जेवली का. दर रविवारी पाचशे रुपये पाठवतो, सोबत काही लिहीत नाही. भेटायला येऊ का विचारत होता, ताई म्हणाल्या महिनाभर नको, ती प्रत्येक वेळी घरी जायला म्हणून तयार होईल. त्या दिवशी मला त्याचा संताप आला होता, पाच महिने गाडीवर पुढे उभी करून फिरवायची आणि मग पिशवी मांडायची. आता तसा येत नाही. फॉर्मवरची ती ओळ त्याने मोठ्याने वाचली होती आणि तसंच केलं, आणि घरून निघायच्या आधी नळाखाली उभं राहून ताटली घासली. माझ्याकडेही कारणं आहेतच, तिसरा मजला, लिफ्ट नाही, अण्णांचा वॉकर आणि त्यात पायात येणारं कुत्रं, दिवसभर माझं ऑफिस. त्याच्या कारणांइतकीच खरी आहेत.

बुंदी पहिले तीन दिवस नुसतं पाणी प्यायली. आता जेवते, मावशींनी हाताने घास केला तर. दिवसभर ठीक असते, बंड्याशी खेळते, पण साडेसहाला, तो कामावरनं यायच्या वेळेला, गेटकडे तोंड करून बसते आणि रस्त्यावरनं गाडी गेली की तिचे कान आधी उठतात आणि मग आवाज ओळखीचा नाही कळलं की एकेक करून खाली येतात. काल मी ऑफिसमधनं परस्पर गेले होते. निघायला उशीर झाला. बाहेर आले तर माझ्या स्कूटीवर, पाय ठेवायच्या जागेत, बुंदी उभी, हनुवटी हँडलवर टेकवलेली, तोंड रस्त्याकडे. चावी माझ्या पर्समध्ये होती. मी स्टँड नीट लागलंय ना ते पायाने बघितलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी उभी राहिले. मावशींनी आतला दिवा लावला. ती हलली नाही, मीही तिला उतरवलं नाही.